रुग्ण उठून जायच्या आत निदान: झटपट चाचण्यांची पार्श्वभूमी

नमुना प्रयोगशाळेत जातो, रुग्ण घरी जातो. अहवाल येईपर्यंत दिवस उलटतात आणि कित्येक जण परत फिरकतच नाहीत. निदान होऊनही उपचार न मिळण्याचं हे दुःख जुनं आहे, आणि झटपट चाचण्यांमागची धडपड त्यावरच आहे.

लघवीतली साखर दाखवणारी ‘क्लिनिस्टिक्स’ पट्टी १९५६ साली आली. हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याचं ते काम. पण संसर्गजन्य रोगांसाठी अधिक नेमकं काहीतरी हवं होतं. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच साच्यातली प्रतिपिंडं (ठरावीक पदार्थाला ओळखून चिकटणारी प्रथिनं) हवी तेवढी तयार करण्याची पद्धत शोधली, तेव्हा ती वाट खुली झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस गरोदरपणाची एका टप्प्यातली घरगुती चाचणी बाजारात आली. मलेरिया, एचआयव्ही, कोविडच्या पट्ट्या त्याच तत्त्वावर चालतात.

मलेरियाचंच पाहा. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब द्रावणाबरोबर पट्टीतून झिरपत पुढे सरकतो. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडं असतात. परजीवीचं प्रथिन सापडलं की ती त्याला धरतात आणि सगळं मिळून पुढच्या रेषेवर अडकतं. कण साचले की लालसर रेघ उमटते. शेजारची कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेघ उमटली नाही, तर चाचणी बाद. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर. पूर्वी अनेक ठिकाणी ताप दिसला की मलेरियाचं औषध दिलं जाई. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक संशयिताची आधी चाचणी करायला सांगितलं. प्रयोगशाळा नसलेल्या गावात ते या पट्टीमुळेच शक्य झालं.

क्षयाच्या बाबतीत मात्र घाई अंगाशी आली. रक्तातली प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचण्या सर्रास विकल्या जात होत्या आणि निकाल दोन्हीकडून चुकत होते: निरोगी माणसाच्या माथी क्षय, खरा रुग्ण उपचाराविना. २०११ मध्ये संघटनेने त्या वापरूच नका असं बजावलं, आणि ते फार आधी व्हायला हवं होतं. जीनएक्सपर्ट हे यंत्र थुंकीतल्या जंतूचा डीएनए आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला होणारा प्रतिरोध दोनेक तासांत ओळखतं. त्याला मात्र वीज लागते.

मलेरियाच्या पट्टीलाही नवं आव्हान उभं राहिलं आहे. बहुतेक पट्ट्या परजीवीचं एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात, आणि त्याचं जनुकच नसलेले, म्हणजे या पट्ट्यांतून निसटू शकणारे परजीवी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात आढळल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात त्यांचं प्रमाण इतकं निघालं, की त्या देशाला चाचणीच बदलावी लागली.