कॅम्पी विनोदी मालिका आणि दूरचित्रवाणीवरील विडंबन

कॅम्पी विनोदी मालिका म्हणजे मुद्दाम भडक, अतिनाटकी आणि उघडउघड खोटी ठेवलेली, तरीही पूर्ण गांभीर्याने सादर केलेली विनोदी मालिका. ‘कॅम्प’ या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘नाटकी’, ‘भडक’, ‘बटबटीत’ हे शब्द जवळपास पोहोचतात, पण तिन्हींत नाक मुरडणे आहे. कॅम्पमध्ये त्या भडकपणावर जीव जडलेला असतो. हा भेद सोडला तर या मालिका निव्वळ वाईट वाटतात, आणि तसे वाटणे त्यांच्यावर अन्यायकारक आहे.

हावभावांतला अतिरेक या अर्थाने हा शब्द १९०९ साली इंग्रजी कोशात आला. पुढे तो मुख्यतः रंगभूमीवर आणि समलिंगी पुरुषांच्या वर्तुळांत रुळला. उघडपणे जगण्याची सोय नव्हती, तेव्हा समाजाने ठरवून दिलेले वागणे वाजवीपेक्षा ठसक्यात करून दाखवणे, हा त्यांचा एकमेकांशी बोलण्याचा मार्ग होता. १९६४ मध्ये अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांच्या निबंधाने ही कल्पना सर्वत्र पोहोचवली. अजाणता घडलेला कॅम्प आणि ठरवून केलेला कॅम्प असे दोन प्रकार मानून त्यांनी पहिल्याला अस्सल ठरवले. दूरचित्रवाणीच्या बाबतीत हे मत पुरते पटत नाही, कारण तिथली उत्तम उदाहरणे ठरवून, घासूनपुसून घडवलेली आहेत.

यांत पहिला मान ‘बॅटमॅन’चा (अमेरिकेची एबीसी वाहिनी, १९६६–६८, १२० भाग). पहिल्याच भागात मुखवटा आणि केप घातलेला बॅटमॅन नृत्यगृहात शिरतो. पुढच्या टेबलाबद्दल विचारणा होते, तेव्हा तो म्हणतो की उगाच कोणाचे लक्ष वेधायला नको, आपण बारपाशीच उभे राहू. बॅटमॅन साकारणारा ॲडम वेस्ट हे वाक्य इतक्या सभ्यपणे आणि मनापासून म्हणतो, की विनोद झाल्याची खबर त्या पात्राला नसतेच. लहान मुलांनी हीच मालिका थरारक साहसकथा म्हणून पाहिली आणि शेजारी बसलेले मोठे हसत राहिले. दोघांनाही मिळाले ते खरे होते. खलनायकांच्या अड्ड्यांत कॅमेरा तिरका धरलेला असे. इमारत चढण्याच्या दृश्यात भिंत आडवी मांडून नट तिच्यावरून वाकून चालत आणि चित्र उभे करून दाखवले जाई. जोकर हा खलनायक साकारणाऱ्या सीझर रोमेरोने मिशी काढायला नकार दिला, म्हणून पांढरा रंग मिशीवरच फासला. जवळच्या दृश्यांत ती स्पष्ट दिसते. एखाद्या गंभीर मालिकेत ही चूक ठरली असती. इथे ती जोकरच्या स्वभावाला शोभून दिसते.

विडंबनाची गोष्ट थोडी वेगळी. त्याला समोर मूळ हवे, आणि ते मूळ प्रेक्षकाला ओळखता आले पाहिजे. मेल ब्रुक्स आणि बक हेन्री यांची ‘गेट स्मार्ट’ (१९६५–७०) हेरकथांवर बेतलेली होती. तिच्यातले ‘शांततेचे घुमट’ पाहण्यासारखे आहेत: गुप्त बोलणे बाहेर जाऊ नये म्हणून हेर आणि त्याचा वरिष्ठ यांच्या डोक्यांवर पारदर्शक घुमट उतरतात, आणि आत बसलेल्या त्या दोघांनाच एकमेकांचे काही ऐकू येत नाही. हेरकथांतल्या यंत्रांच्या भक्तीवर याहून नेमके भाष्य क्वचितच झाले असेल.

पोलीस मालिकांचे विडंबन करणारी ‘पोलीस स्क्वॉड!’ (एबीसी, १९८२) फक्त सहा भाग चालली, आणि तिचे बंद पडणे आजही हळहळ लावते. दर भागाच्या शीर्षकांतच पाहुणा कलाकार मारला जाई. पडद्यावर दिसणारे भागाचे नाव आणि निवेदकाने वाचलेले नाव वेगवेगळे असे. त्या काळच्या पोलीस मालिका शेवटचे दृश्य गोठवून संपत. इथे चित्र गोठतच नसे. नट हसऱ्या चेहऱ्याने नुसते निश्चल उभे राहत आणि मागे एखाद्याचे काम तसेच चालू राही. मुख्य भूमिकेतल्या लेस्ली नील्सनने तोवर बहुतेक गंभीर भूमिका केल्या होत्या, आणि इथेही त्याने आवाज जराही बदलला नाही. ध्वनिमुद्रित हशा नव्हता, त्यामुळे कुठे हसायचे ते प्रेक्षकालाच शोधावे लागे. ही मालिका नजर खिळवून पाहावी लागते, असे कारण वाहिनीने बंद करताना दिले होते. माझ्या लेखी तीच तिची थोरवी.

या शैलीला मारक ठरते ते डोळा मिचकावणे. ‘हे किती मूर्खपणाचे आहे, आम्हालाही ठाऊक आहे’ असे नटाने एकदा सुचवले, की प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही. भडक कपडे आणि डुगडुगती नेपथ्ये कोणीही उभारील, पण त्यांच्यासमोर सरळ चेहऱ्याने उभे राहायला तयारीचा नट लागतो. व्हिक्टोरिया वुड यांच्या बीबीसीवरील कार्यक्रमात (१९८५–८७) ‘एकॉर्न अँटीक्स’ नावाची, दैनंदिन मालिकांचे विडंबन करणारी छोटी मालिका असे. तिच्यात भिंती हलत, नट आपली वेळ होण्याआधीच आत येत, वाक्ये एकमेकांवर आदळत. चहाचा ट्रे घेऊन येणारी ज्युली वॉल्टर्सची मिसेस ओव्हरॉल पाहावी: वाईट अभिनय इतक्या अचूक वेळेवर करणे चांगल्या अभिनयापेक्षा अवघड आहे.

‘अलो अलो!’ने (१९८२–९२) दुसऱ्या महायुद्धातील प्रतिकार चळवळीवरच्या ‘सीक्रेट आर्मी’ (१९७७–७९) या मालिकेचे विडंबन केले. ‘अलो अलो!’मध्ये सगळे इंग्रजीच बोलतात, आणि कोण कोणत्या भाषेत बोलतो आहे ते फक्त उच्चारांच्या ढबीवरून कळते. म्हणून फ्रेंच पोलिसाच्या वेषातल्या इंग्रज हेराचे कच्चे फ्रेंच स्वर बिघडलेल्या इंग्रजीतून ऐकू येते. मूळ मालिका न पाहिलेल्यालाही हे समजते. मूळ मालिका तीन वर्षांत आटोपली. तिचे विडंबन दहा वर्षे चालू होते.