फझी लॉजिक म्हणजे अंदाजपंचे उत्तर नव्हे

‘फझी लॉजिक वापरणारा संगणक चित्रे ओळखताना अंदाज बांधतो, म्हणून त्याचे उत्तर दर वेळी बदलू शकते,’ असा समज बराच जुना आहे आणि ‘फझी’ म्हणजे ‘धूसर’ हे नाव ऐकून तो होणे स्वाभाविकही आहे.

प्रत्यक्षात एखादी गोष्ट एखाद्या गटात किती प्रमाणात बसते हे मोजणारे, 1965 पासून विकसित होत आलेले हे गणित पूर्णपणे नियमबद्ध आहे. संगणक वापरतो त्या रंगचक्रावर (रंगांच्या वर्तुळाकार मांडणीवर) लाल 0 अंशांवर आणि पिवळा 60 अंशांवर असतो. मधोमध, 30 अंशांवर, ठाम रेघ मारली तर 29 अंशांचा नारिंगी ठिपका ‘लाल’ आणि 31 अंशांचा ‘पिवळा’ ठरतो, आणि डोळ्यांना जवळजवळ सारखी दिसणारी दोन चित्रे रंगावरून सारखी चित्रे शोधताना एकमेकांपासून दुरावतात. फझी पद्धतीत प्रत्येक ठिपका दोन्ही गटांत अंशतः मोजला जातो: सरळ उताराच्या नियमाने (0 ते 60 अंशांत लालचा वाटा 1 वरून 0 पर्यंत एकसारखा उतरतो) पहिला 0.52 लाल व 0.48 पिवळा, तर दुसरा नेमका उलट. फरक उरतो, पण जेवढा आहे तेवढाच.

हे 0.52 म्हणजे शक्यता नव्हे. ठिपक्याचा रंग आपल्याला पक्का ठाऊकच आहे, प्रश्न फक्त तो लाल गटात किती बसतो एवढाच आहे.

पडताळा घेण्यासाठी 60 मधून 29 वजा करून 60 ने भागावे. कितीही वेळा केले तरी उत्तर तेच येते. उताराचा आकार आणि गटांच्या सीमा मात्र बहुधा माणूसच ठरवतो, आणि शंका घ्यायचीच असेल तर ती तिथे घ्यावी.