युरियाचा ड्रम गार का पडतो?

मे महिन्यात रावेरजवळच्या एका केळीबागेत आम्ही १०० लिटर पाण्यात १० किलो युरिया ओतून काठीने ढवळत होतो. ऊन ४४ अंशांचं आणि ड्रम हाताला गार! शेजारचे काका म्हणाले, “म्हणून तर उन्हाळ्यात युरिया द्यायचा. मुळं थंड राहतात.”

गारवा खरा, समजूत चुकीची. युरियाच्या दाण्यातले रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना सुटं करायला ऊर्जा लागते. पाण्याशी नवे बंध जुळताना काही ऊर्जा परत मिळते, पण खर्चापेक्षा कमी. ती तूट पाण्यातली उष्णता भरून काढते आणि पाणी साधारण ५ अंशांनी उतरतं. ठिबकच्या तापलेल्या काळ्या नळीतून जाताना हा गारवा केव्हाच सरतो. केळीला मिळतो तो नत्र.

युरिया ज्यापासून बनतो त्या अमोनियाचा हिशेब मात्र उलटा आहे. अमोनिया बनतो नायट्रोजन आणि हायड्रोजन या वायूंपासून. नायट्रोजनच्या दोन अणूंमध्ये तिहेरी बंध असतो. असा एक मोल (रेणू मोजायचं ठरावीक माप) वायू फोडायला ९४५ किलोज्यूल लागतात. हायड्रोजनच्या तीन मोलांना प्रत्येकी ४३६. खर्च झाला २२५३. अमोनियाचे दोन मोल तयार होताना सहा मोल नवे बंध जुळतात, प्रत्येकी सुमारे ३९१. म्हणजे जमा २३४६. वरचे ९३ किलोज्यूल उष्णता होऊन बाहेर पडतात.

मग कारखान्यात ४०० ते ५०० अंश तापमान कशाला? कारण खर्च आधी, जमा नंतर. इथे लोखंडाचा उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) जी युक्ती करतो ती मला फार आवडते. नायट्रोजन लोखंडाला चिकटतो, लोखंडाशी बंध जुळत जातो तसा तिहेरी बंध सैल होतो, आणि ९४५ची रक्कम एकदम मोजावी लागत नाही. तरीही थंडपणी हे काम फार रेंगाळतं. तापमान वाढवलं तर वेग येतो, पण तयार अमोनिया पुन्हा फुटू लागतो, कारण उष्णता देणारी अभिक्रिया तापवली की मागे सरकते. म्हणून हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १५० ते २५० पट दाब देतात: चार मोलांचे दोनच होत असल्यानं दाबाखाली तोल अमोनियाकडे झुकतो. इतकं करून एका फेरीत जेमतेम १५ टक्के वायूचा अमोनिया होतो. तो गार करून द्रवरूपात काढायचा, उरलेला वायू पुन्हा फिरवायचा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरनं १९०९मध्ये हे प्रयोगशाळेत दाखवलं, कार्ल बॉशनं १९१३मध्ये जर्मनीत ओप्पाउला कारखाना उभा केला.

काका कपाशीला युरिया नुसता वरून फेकतात. उघड्यावर पडलेल्या युरियाचा ओल मिळताच पुन्हा अमोनिया होतो आणि उन्हात उडून जातो. पाण्याबरोबर मातीत उतरला तर बराचसा टिकतो. ड्रम त्यासाठी होता.