आवाजी मतदान आणि छोट्या व्यवसायांचे कायदे (महाराष्ट्र विधिमंडळ)

किराणा दुकान, पिठाची गिरणी, खानावळ, शिंप्याचे दुकान, भाजीचा गाळा, आडत्याची पेढी अशा छोट्या धंद्यांवर परिणाम करणाऱ्या विधेयकांवर राज्याचे आमदार कौल कसा देतात, याची ही नोंद आहे. महाराष्ट्रात हा कौल बहुतेक वेळा आवाजी मतदानाने लागतो. विधेयक संमत झाले एवढे नोंदले जाते. कोणत्या आमदाराने ‘होय’ म्हटले आणि कोणी ‘नाही’, हे सहसा कुठेच उरत नाही. आपल्या आमदाराने आपल्या धंद्याच्या बाबतीत नेमके काय केले, असे एखाद्या दुकानदाराने विचारायचे ठरवले तर त्याच्या हातात दाखवायला कागद नसतो. या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

अधिकारकक्षा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांतर्गत व्यापार, बाजार व जत्रा आणि व्यवसाय कर हे विषय राज्यसूचीत आहेत. दुकानातल्या नोकरांच्या कामाचे तास, रजा, सेवाशर्ती हे समवर्ती सूचीत येतात. तिथे केंद्राच्या कायद्याशी विसंगत काही करायचे असेल तर कलम २५४ नुसार राष्ट्रपतींची संमती लागते. व्यवसाय कर राज्याचा असला तरी कलम २७६ ने त्यावर माणशी वर्षाला अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. विक्रीकराचा मोठा भाग २०१७ नंतर वस्तू व सेवा करात (जीएसटी) गेला. तरीही दुकान कधी उघडायचे, पाटी कोणत्या लिपीत लावायची, माल कोणत्या आवारात विकायचा, हे आजही मुंबईत किंवा हिवाळ्यात नागपुरात भरणाऱ्या विधिमंडळातच ठरते.

कौल घेण्याची रीत

विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. कलम १८९ नुसार निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत, समसमान मते पडली तरच निर्णायक मत देतात. गणपूर्तीला एक दशांश सदस्य पुरतात, म्हणजे विधानसभेत २९. विधेयक आधी मांडले जाते, मग विचारात घेण्याचा प्रस्ताव येतो, खंडशः विचार होतो आणि शेवटी ते संमत करण्याचा प्रस्ताव ठेवला जातो. प्रत्येक टप्प्यावर अध्यक्ष अनुकूल असणाऱ्यांना ‘होय’ आणि प्रतिकूल असणाऱ्यांना ‘नाही’ म्हणायला सांगतात, आवाजाच्या अंदाजाने बहुमत कुठे आहे ते जाहीर करतात आणि काम पुढे सरकते. गोंधळाच्या दिवशी हे टप्पे मिनिटा-दोन मिनिटांत उरकतात.

या निकालाला कोणी हरकत घेतली तर मतविभागणी होते. आमदारांच्या बोलण्यात तिला ‘पोल’ म्हणतात. पोल मागितला की नावानिशी किंवा डोकी मोजून मते घेतली जातात. हे सत्तेच्या प्रश्नावर घडते. ३० नोव्हेंबर २०१९ च्या विश्वासदर्शक ठरावावर १६९ सदस्यांनी बाजूने मत दिले आणि ४ तटस्थ राहिले. ४ जुलै २०२२ ला १६४ विरुद्ध ९९ अशी मोजणी झाली. याउलट १२ नोव्हेंबर २०१४ ला विश्वासदर्शक ठरावच आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा विरोधकांनी मतविभागणीसाठी केवढा गदारोळ केला होता! सरकार टिकते की पडते याबद्दल आवाजाचा अंदाज पुरत नाही, असे त्या दिवशी विरोधी बाकांवरच्या सगळ्यांना वाटत होते. दुकानदारांच्या कायद्याच्या वेळी मात्र तीच बाके आवाजावर समाधान मानतात.

यामागे पक्षादेशाचेही (व्हिपचेही) कारण आहे. १९८५ साली आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार (पक्षांतरबंदी) पक्षादेश मोडून मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. व्यापारीपेठेतून निवडून आलेला आमदार आपल्या गटाच्या विधेयकावर मनातून नाराज असला तरी सभागृहात ‘नाही’ म्हणत नाही. तो लक्षवेधी सूचना देतो, औचित्याचा मुद्दा मांडतो, मंत्र्यांच्या दालनात शिष्टमंडळ घेऊन जातो. खरा कौल तिथे, सभागृहाबाहेर लागतो.

गुमास्ता कायदा

छोट्या दुकानदाराच्या रोजच्या जगण्याशी सर्वांत जवळचा कायदा म्हणजे ज्याच्या परवान्याला पेठेत आजही ‘गुमास्ता’ म्हणतात तो. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकान उघडण्या-मिटण्याच्या वेळा आणि आठवड्याचा बंद ठरवून दिला होता. वाराप्रमाणे बंद असणाऱ्या बाजारपेठांची सवय महाराष्ट्राच्या शहरांना या कायद्याने लावली. नोंदणी करणे, तिचे नूतनीकरण करणे, निरीक्षक आला की वह्या दाखवणे हा दुकानदाराचा वर्षाचा ठरलेला व्याप होता.

ऑगस्ट २०१७ मध्ये विधिमंडळाने हा कायदा बाजूला सारून नवा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम संमत केला. १९ डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्यात वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा मिळाली, मात्र प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुटी देणे बंधनकारक राहिले. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना देणे पुरेसे ठरले. संख्येने पाहिले तर राज्यातली बहुतेक दुकाने या दहाच्या खालीच असणार, म्हणजे गेल्या काही दशकांतला छोट्या दुकानदाराच्या बाजूचा हा मोठा बदल. पण त्याला दुसरी बाजू आहे. त्याच दुकानात काम करणाऱ्या आठ-नऊ पोरांच्या कामाच्या तासांवरची आणि रजांवरची कायद्याची पकडही त्याच रेषेवर सुटली. मालक छोटा असतो तसा नोकरही छोटाच असतो. एकाच मताने दोघांचे भले-बुरे ठरले, आणि तेवढ्या मोठ्या निर्णयावर कोणाचा हात वर होता हे सांगता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही रेषा दहावरून वीसवर नेण्याच्या सुधारणेला मान्यता दिली.

पाट्यांचा प्रश्न याच रेषेतून निघाला. कायदा दहा व त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू असल्याने छोटी दुकाने मराठी पाटीच्या सक्तीतून निसटत होती. मार्च २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन देवनागरी लिपीतील मराठी नाव सर्व दुकानांना आवश्यक झाले आणि ते इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावे असे ठरले. मुंबईतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने या सक्तीला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच २५ हजार रुपयांचा खर्च लादून फेटाळले होते. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. भाषेचा अभिमान गुंतलेल्या अशा विधेयकाला सभागृहात विरोध करायला कोणताही पक्ष धजत नाही, त्यामुळे पाटीच्या खर्चाचा मुद्दा सभागृहाऐवजी न्यायालयात मांडला गेला.

जकात, एलबीटी आणि जीएसटी

जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर; तिच्या नाक्यावरची रांग हा व्यापाऱ्यांचा जुना सल. जकातीऐवजी २०१० पासून टप्प्याटप्प्याने महापालिकांत स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. नाका गेला, पण हिशेबाची आणखी एक वही वाढली आणि महापालिकेच्या अधिकाऱ्याला दुकानात शिरून तपासणी करण्याचा अधिकार मिळाला. १ एप्रिल २०१३ ला पुण्यासह आणखी शहरांत तो लागू होताच व्यापाऱ्यांनी एप्रिल-मे महिन्यांत बेमुदत बंद पुकारले. ऐन लग्नसराईत बाजारपेठा बंद राहिल्या. ज्या कायद्यावर सभागृहात पोल झाला नाही, त्यावर व्यापाऱ्यांनी शटर ओढून मत दिले, असे त्या आंदोलनाचे वर्णन करता येईल. एलबीटी रद्द करण्याचे आश्वासन २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत दिले गेले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणारे व्यापारी त्यातून मोकळे झाले. मुंबईची जकात १ जुलै २०१७ पर्यंत, म्हणजे जीएसटी येईपर्यंत, चालू होती.

जीएसटीसाठीच्या घटनादुरुस्तीला महाराष्ट्राने २९ ऑगस्ट २०१६ च्या विशेष अधिवेशनात एकमताने अनुमोदन दिले. राज्याचा जीएसटी कायदा मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात संमत झाला, तोही एकमताने. या एकमतामागे मोठी घासाघीस होती. मुंबई महापालिकेचे जकातीचे उत्पन्न जाणार म्हणून तिथे सत्तेत असलेल्या शिवसेनेने भरपाईची हमी मागितली होती. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार मसुद्यावर बोलायला ‘मातोश्री’वर गेले होते. भरपाईसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि मगच दोन्ही सभागृहांत एकमत दिसले. चर्चेचा सारा जोर महापालिकांच्या तिजोरीवर होता. महिन्याचे विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदाराला सीए किंवा कर सल्लागाराला द्यावे लागणारे पैसे त्या घासाघिशीत मागे पडले.

जीएसटीनंतर कराचे दर आणि सवलतीच्या मर्यादा जीएसटी परिषद ठरवते. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सर्व राज्यांना मिळून दोन तृतीयांश वजन आहे; निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. परिषद बहुधा सहमतीने चालते; पहिले प्रत्यक्ष मतदान १८ डिसेंबर २०१९ ला लॉटरीवरील कराबाबत झाले. आमदाराचे करविषयक मत त्यामुळे आणखी एक पायरी दूर गेले. त्याच्या हाती उरले ते जुन्या करांच्या थकबाकीचे अभय कायदे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात दोन लाख रुपयांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ करण्याची घोषणा झाली आणि सुमारे एक लाख लहान व्यापाऱ्यांना तिचा लाभ होईल असे सांगण्यात आले. अशा विधेयकांना विरोध होत नाही.

बाजार समिती : दोन सभागृहांतला फरक

१९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने शेतमालाची घाऊक विक्री बाजार समितीच्या आवारात बांधली. शेतकरी, आडते, व्यापारी, माथाडी (ओझी वाहणारे) आणि मापाडी (माल तोलणारे) अशा सर्वांची पोटे या एका कायद्यावर आहेत, म्हणून त्यातल्या प्रत्येक दुरुस्तीचा नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारात तत्काळ पडसाद उमटतो. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळे व भाजीपाला समितीच्या नियंत्रणातून मुक्त केला आणि आडत (आडत्याची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. हे अध्यादेशाने झाले. आमदारांनी मत देण्याआधीच नियम लागू झाला होता आणि बाजार बंद पडून पुन्हा उघडलाही होता.

नोव्हेंबर २०१८ मध्ये समित्यांचे नियंत्रण आवारापुरते मर्यादित करणारे विधेयक विधानसभेने संमत केले. माथाडी कामगार व व्यापारी संपावर गेले आणि सरकारने ते विधेयक विधान परिषदेतून मागे घेतले. वास्तविक परिषदेला साधे विधेयक कायमचे अडवता येत नाही. कलम १९७ नुसार पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना एवढाच उशीर ती करू शकते, आणि धनविधेयक तर चौदा दिवसांतच परत करावे लागते. पण त्या मधल्या अवकाशात रस्त्यावरचा आवाज सभागृहापर्यंत पोचला. परिषदेची गरज काय असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे. शेजारच्या गोव्यात ४० सदस्यांची एकच विधानसभा आहे, तिथे असा दुसरा थांबा नाही.

मत न घेता होणारे निर्णय

छोट्या धंद्यांना बसणारे कितीतरी धक्के मतदानाला येतच नाहीत. २३ मार्च २०१८ ची प्लास्टिक व थर्माकोल बंदी ही २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याखालची अधिसूचना होती. पिशवी सापडली तर पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार आणि तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद. भाजीवाल्याच्या एका दिवसाच्या कमाईच्या कितीतरी पट असलेला हा दंड त्याच्या पिशवीला लावण्याचा निर्णय आमदारांच्या ‘होय’ने झाला नाही. बंदीची गरज मान्य करूनही एवढे म्हणावे लागते की असा निर्णय चर्चेला यायला हवा होता.

उलट टोकाचे उदाहरण गोवंश हत्याबंदी आणणाऱ्या प्राणी संरक्षण (सुधारणा) विधेयकाचे. विधिमंडळाने ते १९९५ मध्ये संमत केले, राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. खाटीक आणि चामड्याचा व्यापार करणाऱ्यांचा धंदा ज्या मताने बदलला, ते मत देणारे कितीतरी आमदार तोवर सभागृहात उरले नव्हते.

व्यापाऱ्यांचे प्रतिनिधित्व

१९३५ च्या कायद्याखाली १९३७ मध्ये अस्तित्वात आलेल्या मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेत व्यापार-उद्योगासाठी ७ आणि कामगारांसाठी ७ राखीव जागा होत्या. स्वातंत्र्यानंतर त्या गेल्या. आज विधान परिषदेत पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७ आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे २२ सदस्य असतात. व्यापाऱ्यांचा मतदारसंघ नाही. तो असावा असे नाही, कारण राखीव जागांचा लाभ त्या काळी बड्या व्यापारी चेंबरांनाच जास्त झाला. बाजार समितीच्या संचालक मंडळात मात्र व्यापारी-आडत्यांचे दोन आणि हमाल-मापाड्यांचा एक प्रतिनिधी अजूनही निवडून जातो.

आमदाराची भूमिका कशी शोधावी

अमेरिकेत राज्यांच्या विधिमंडळांत नावनिशीवार मतनोंद प्रसिद्ध होते. तिच्या आधारे १९४३ मध्ये स्थापन झालेली नॅशनल फेडरेशन ऑफ इंडिपेंडेंट बिझनेस ही संस्था छोट्या उद्योजकांसाठी आमदारांचे मतदान टक्केवारीत मांडते. तिथे पक्षांतरबंदी नसल्याने स्वपक्षाविरुद्ध मत देता येते, म्हणून त्या टक्केवारीला अर्थ असतो. महाराष्ट्रात तसा तक्ता करायला कच्चा मालच नाही.

इथे शोध दुसऱ्या वाटेने घ्यावा लागतो. विधिमंडळाची कार्यवाही छापली जाते. विधेयकाच्या चर्चेत कोण बोलले, कोणी कोणत्या खंडाला सुधारणा सुचवली, ती मागे घेतली की फेटाळली गेली, तारांकित प्रश्न कोणी विचारला, कपात सूचना कोणी दिली, हे तिच्यात नावासकट सापडते. दुकानाच्या कायद्यात दहाच्या जागी पाच किंवा वीस हा आकडा घालावा अशी लेखी सुधारणा देणारा आमदार पक्षादेश न मोडताही आपली बाजू कागदावर ठेवू शकतो. आणि पोल मागायला कोणाची बंदी नाही. व्यापारी संघटनांनी आजवर बंद पुकारण्यावर जेवढी ताकद खर्च केली, तिच्यातली थोडी जरी विरोधी बाकांवरच्या सदस्यांना ‘या विधेयकावर मतविभागणी मागा’ असे सांगण्यावर लावली, तरी पहिली नावनिशीवार नोंद त्याच अधिवेशनात मिळू शकते.