कॅथीचं घर जातं, डॅनियलचं रिकामं होतं

‘बेघर लोकांवरचा तो ब्रिटिश सिनेमा, केन लोचचा’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठला? ‘कॅथी कम होम’ की ‘आय, डॅनियल ब्लेक’? दिग्दर्शक तोच, राग तोच, मधे बरोबर पन्नास वर्षं. त्यामुळे एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर सर्रास खपते. साधी खूण सांगतो: कॅथीचं घर जातं. डॅनियल बेघर होतच नाही.

‘कॅथी’ हा मुळात थिएटरचा सिनेमाच नाही. बीबीसीच्या ‘द वेन्सडे प्ले’ मालिकेत १६ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री तो दाखवला गेला आणि सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी पाहिला. कॅमेरा हातात धरून, खऱ्या रस्त्यांवर चित्रण केल्यामुळे बरेच जण त्याला माहितीपट समजतात. पण ते जेरेमी सँडफर्डनं लिहिलेलं नाटक आहे, कॅरल व्हाइट आणि रे ब्रुक्स हे त्यातले नट. नवरा ड्रायव्हर. अपघातात त्याची कमाई थांबते आणि कुटुंब एकेक पायरी खाली येत जातं: सासूच्या खुराड्यात, मग कॅरॅव्हॅनमध्ये (तीही आजूबाजूचे लोक पेटवून देतात), शेवटी सरकारी आसऱ्यात, जिथे नवऱ्याला राहायची परवानगी नाही. रेल्वे स्टेशनवर तिच्या कुशीतून मुलं ओढून नेली जातात, तिथे सिनेमा संपतो. यात माणसं कॅथीशी तोंडावर क्रूर वागतात. निदान समोर तोंड तरी असतं.

आणखी एक गैरसमज: ‘शेल्टर’ ही बेघरांसाठीची संस्था या सिनेमामुळे जन्मली, असं सांगितलं जातं. ती १ डिसेंबर १९६६ ला, म्हणजे दोनच आठवड्यांनी सुरू झाली. एवढ्यात संस्था उभी राहत नाही, तयारी आधीपासून चालू होती. सिनेमानं तिला वारं दिलं, एवढं खरं. बेघरांना घर देण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकणारा कायदा मात्र १९७७ साली आला.

आता ‘डॅनियल ब्लेक’. २०१६ चा, पॉल लॅव्हर्टीनं लिहिलेला, लोचच्याच सिक्स्टीन फिल्म्स या कंपनीचा. कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा ५९ वर्षांचा सुतार. हार्ट अटॅक येऊन गेलेला, डॉक्टर म्हणतात काम करायचं नाही. पण आजारपणाच्या सरकारी भत्त्यासाठी तपासणी करणारी बाई विचारते काय, तर टोपी घालता येईल इतका हात वर जातो का? तो वैतागून म्हणतो, अहो, हृदयाचं विचारा ना! निकाल लागतो: कामाला फिट. दाद मागायला फोन लावला तर १ तास ४८ मिनिटं तेच संगीत ऐकत ताटकळायचं, आणि नंतर कळतं की आधी ‘डिसिजन मेकर’चा, म्हणजे भत्त्याचा निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन यायला हवा. हा डिसिजन मेकर पडद्यावर कधीच दिसत नाही. आपल्याकडे निदान साहेबांची रिकामी खुर्ची तरी दिसते!

तोवर पोट भरायचं तर बेकारभत्ता, आणि त्यासाठी आठवड्याला ३५ तास नोकरी शोधल्याचे पुरावे द्यायचे. म्हणजे जी नोकरी मिळाली तरी करता येणार नाही, ती शोधत हिंडायचं. अर्ज ऑनलाइन. ‘माउस स्क्रीनवर वर न्या’ म्हटल्यावर या कसबी सुताराने माउस उचलून थेट स्क्रीनला टेकवावा, याला मी पहिल्यांदा हसलो होतो. दुसऱ्यांदा नाही आलं हसू.

या सिनेमातलं बेघरपण आहे ते केटीच्या वाट्याचं. दोन मुलं घेऊन लंडनच्या हॉस्टेलमधल्या एका खोलीत दोन वर्षं काढल्यावर तिला घर मिळतं ते थेट न्यूकॅसलला, जिथे तिचं कुणी नाही. नव्या गावात बसचा घोळ होऊन भत्त्याच्या कार्यालयात पोचायला उशीर होतो, तर भत्ता कापण्याची भाषा. पुढे गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या फूड बँकेत शेल्फांमध्ये उभी असताना भुकेनं ती तिथेच डबा फोडून हातानं खायला लागते आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन कोसळते. डॅनियलचं छप्पर शाबूत असतं, पण त्याचं सामान विकलं जातं. उरतात भिंती.

बघायचे असतील तर आधी ‘कॅथी’ बघा, कृष्णधवल आहे आणि सव्वा तासात आटोपतो. ‘डॅनियल’ला सबटायटल्स लावाच. न्यूकॅसलची इंग्रजी लंडनकरांनाही जड जाते.