घरच्या फायबरवर टॉरचा रिले: यंत्र कोणतं घ्यावं?

सप्टेंबर २०२२मध्ये इराणमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने इंटरनेटची मुस्कटदाबी सुरू केली, तेव्हा टॉर या ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या जाळ्याच्या ‘स्नोफ्लेक’ नावाच्या सोयीचा वापर तिथे झपाट्याने वाढला. टॉर अडवलेल्या ठिकाणच्या लोकांना इतरांच्या ब्राउझरमधून टॉरपर्यंत पोचवायची ही सोय. टॉर कुण्या एका कंपनीच्या यंत्रांवर चालत नाही. जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेले काही हजार रिले, म्हणजे संदेश पुढे धाडणारी यंत्रं, म्हणजेच टॉर. त्यांतला मोठा वाटा जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्स अशा थोड्या देशांतल्या डेटा सेंटरांत एकवटलाय, आणि ही दाटी निनावीपणाला मारक आहे. म्हणून नाशिक-पुण्यातल्या एखाद्या घरात फायबरला जोडलेला छोटासा रिलेही मला मोलाचा वाटतो.

टॉरमधला प्रत्येक संदेश तीन रिलेंमधून जातो. निघतानाच त्यावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सांकेतिकरणाचे थर चढवलेले असतात, आणि प्रत्येक रिले आपल्या वाट्याचा थर सोलून उरलेलं पुढे धाडतो. पहिल्याला पाठवणारा कळतो, मुक्काम नाही. शेवटच्याला मुक्काम कळतो, पाठवणारा नाही. मधल्याला दोन्ही नाही. शेवटचा, म्हणजे एक्झिट रिले घरून चालवू नका. त्यातून कुणी काहीही उद्योग केले तरी समोरच्या सर्व्हरच्या नोंदीत तुमच्याच घरचा आयपी पत्ता उमटतो, आणि चौकशी तुमच्या दारात येते.

आता यंत्राकडे. सगळे आधी प्रोसेसरचं विचारतात. रिलेमधला मजकूर सुमारे पाचशे बाइटांच्या तुकड्यांत धावतो. १० एमबीपीएस वेगाला सेकंदाला जवळपास अडीच हजार तुकडे सोलावे लागतात. हे गणित एईएस या सांकेतिकरणाच्या पद्धतीचं. त्यासाठीची सूचना चिपमध्येच कोरलेली असेल तर ते चुटकीसरशी होतं. इंटेलच्या एन१०० चिपमध्ये ती आहे, रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या संगणकात आहे, पाय ४मध्ये नाही. शिवाय टॉरचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे गणित करणाऱ्या एकाच भागावर चालतं, त्यामुळे आठ कोअरच्या जाहिरातीला भुलण्यात अर्थ नाही. एका कोअरचा वेग पाहावा. तरीही दहा-वीस एमबीपीएससाठी पाय ४ पुरतो, आणि रॅम २ जीबी असली तरी भागतं.

दहा-वीसच का, प्लॅन तर शंभरचा आहे? इथे बोटं मोजून हिशेब करा. रिलेमध्ये जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं. दोन्ही दिशांना सतत १० एमबीपीएस चालवलं तर दिवसाला २१६ जीबी होतात, महिन्याला जवळपास साडेसहा टीबी (हजार जीबी म्हणजे एक टीबी). आपल्याकडच्या अनेक ‘अमर्यादित’ प्लॅनना ३.३ टीबीची मर्यादा असते. म्हणजे ५ एमबीपीएसमध्येच ती जवळजवळ संपते! टॉर मात्र रिलेकडून किमान १० एमबीपीएसची अपेक्षा धरतं. त्यामुळे प्लॅनची बारीक अक्षरं यंत्राच्या आधी वाचा. महिन्याची मर्यादा टॉरच्या सेटिंगमध्ये घालून देता येते, ती न विसरता घाला.

खरी अडचण बहुतेक वेळा राउटरपाशी येते. रिलेला एका वेळी सात हजार किंवा त्याहून जास्त जोडण्या सांभाळाव्या लागतात. राउटर प्रत्येक जोडणीची नोंद स्वतःच्या स्मृतीत ठेवतो, आणि फायबरसोबत फुकट मिळालेल्या राउटरची ती यादी कितीतरी आधीच भरते. मग घरभर नेट अडकतं, मुलांचा ऑनलाइन क्लास थांबतो. पैसे खर्चायचेच असतील तर ते इथे खर्चा: फायबरच्या डब्याला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून जोडणी फक्त पुढे देईल, आणि मागे स्वतःचा दणकट राउटर लावा.

त्याआधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला गेलाय. बाहेरून तुमच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही, त्यामुळे रिले चालणारच नाही. सार्वजनिक पत्ता कंपनीकडून मागून घ्यावा लागतो, बहुधा जादा पैसे मोजून. तो मिळणारच नसेल तर स्नोफ्लेकचं एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये टाका. ते अशा जोडणीमागूनही मदत करू शकतं आणि वेगळं यंत्रही लागत नाही.

माझी पसंती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळणाऱ्या, कार्यालयांतून निघालेल्या जुन्या मिनी पीसीला. दहा वॉटच्या आसपास खाणारं यंत्र वर्षभर चालू ठेवलं तर ८८ युनिट लागतात. साठ वॉटच्या जुन्या डेस्कटॉपला सव्वापाचशे. रास्पबेरी पाय वापरलात तर मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावा, कारण सततच्या लिखाणाने कार्डं मरतात. जुना लॅपटॉप बॅटरीमुळे सोयीचा वाटतो, पण कायम चार्जिंगवर ठेवल्याने बॅटरी फुगू शकते; मी तो टाळेन. त्यापेक्षा राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस द्या, मिनी पीसी घरच्या इन्व्हर्टरवर ठेवा. वीज गेली की त्या क्षणी तुमच्या रिलेमधून जाणाऱ्या साऱ्यांची जोडणी तुटते.

साध्या रिलेचा पत्ता सार्वजनिक यादीत जातो, आणि काही संकेतस्थळं ती यादी सरसकट अडवतात. घरच्यांची बँक त्यात सापडू शकते. हे नको असेल तर टॉरचा ब्रिज नावाचा रिले चालवा (राउटरच्या ब्रिज मोडशी त्याचा संबंध नाही). त्याचा पत्ता त्या यादीत नसतो, आणि जिथे टॉरच अडवलंय तिथल्या लोकांना आत शिरायला तोच उपयोगी पडतो.

नवा रिले पहिले काही दिवस जवळजवळ रिकामाच राहतो. जाळं आधी त्याचा वेग मोजतं, मग हळूहळू वाहतूक सोपवतं, आणि पहिल्या टप्प्याचा, म्हणजे गार्डचा दर्जा मिळायला आठवडे जातात. तेवढ्यात यंत्र कमी पडतंय असं समजून दुसरं घ्यायला धावू नका.