गुहेत शिरण्यापूर्वी नदीची पातळी वाचताना

पावसाळ्यात ओहोळालगतच्या गुहेत शिरण्यापूर्वी बहुतेक जण आभाळाकडे पाहतात. पण आत पाणी चढेल की नाही, हे वरच्या अंगाला, म्हणजे गोव्यात सत्तरी किंवा सांगे तालुक्याच्या डोंगरउतारांवर, काही वेळापूर्वी किती पाऊस कोसळला यावर ठरते. त्या पाण्याचा माग पातळीमापन केंद्राच्या नोंदींतून घेता येतो, मात्र त्या नोंदी कशा वाचायच्या हे माहीत असावे लागते.

नोंदीतला मीटरचा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. प्रत्येक केंद्राची एक आधारपातळी ठरलेली असते आणि पाणी तिच्या किती वर आहे, एवढेच मोजपट्टी किंवा रडार सांगते. विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे घनमीटर, बहुधा थेट मोजला जात नाही; वेगवेगळ्या पातळ्यांना पात्राची रुंदी, खोली आणि प्रवाहाचा वेग मोजून पातळी आणि विसर्ग यांचा संबंध दाखवणारा वक्र आखतात आणि पुढे पातळीवरून विसर्ग काढतात. पुराने तळ खरवडला की तो वक्रही चुकू लागतो. म्हणून सुट्या आकड्यापेक्षा मागच्या दिवसभराचा आलेख, विशेषतः त्याचा चढ, अधिक बोलका असतो.

गोव्यातल्या म्हादई (मांडवी) नदीवर गांजे येथे केंद्रीय जल आयोगाचे केंद्र आहे. तिथवरचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८८० चौरस किलोमीटर असल्याने तिथली पातळी सावकाश चढते, तर चार-पाच चौरस किलोमीटरचा ओहोळ जोरदार सरीनंतर तासाभरातही फुगू शकतो. गांजेचा आलेख चढलेला दिसेपर्यंत ओहोळाचा पूर कदाचित येऊन गेलेलाही असेल. तरीही तो आलेख निरुपयोगी नाही: पाऊस थांबूनही पातळी उतरत नसेल, तर जमीन बहुधा पाण्याने तुडुंब आहे आणि पुढची साधी सरही थेट ओहोळात उतरेल, असे समजावे. गांजेच्या खाली मात्र भरती-ओहोटीचा प्रभाव असतो, त्यामुळे पणजीजवळ पाणी वाढले म्हणून घाटात पाऊस झाला असे मानणे चूक ठरेल.

वरून येणारे पाणी गुहेत काय करू शकते, याचे एक उदाहरण: थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी शिरलेली १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पाण्यामुळे अडकले. शेवटचे जण १० जुलैला बाहेर आले. तिथे पंप लावण्याबरोबरच डोंगरावरचे प्रवाहही वळवावे लागले होते.

केंद्रीय जल आयोगाच्या ‘फ्लडवॉच इंडिया’ या अ‍ॅपवर पूरमापन केंद्रांच्या पातळ्या दिसतात. तिथे आकड्याआधी नोंदीची वेळ पाहावी. सहा तासांपूर्वीची पातळी लहान ओहोळाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.